वायरींचा नकाशा नाही, तर बिलही नाही

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा साधारण १६१५ चा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्याकडून झिरपणारे भूजल निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणणाऱ्या या रचनेत जमिनीखालच्या बोगद्यांवर थोड्या थोड्या अंतराने शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून आत हवा खेळते आणि साफसफाईला माणूसही उतरू शकतो. जे नजरेआड जाणार, तिथवर पोहोचायची वाट बांधतानाच ठेवायची, हे शहाणपण या शहराला चार शतकांपूर्वी होते. आज रुग्णालय, महाविद्यालय, सरकारी कार्यालय अशा मोठ्या इमारतींत नजरेआड जाते ते नेटवर्कचे जाळे. ते टाकताना हेच शहाणपण सक्तीचे केले पाहिजे.

नेटकेपणा म्हणजे निव्वळ देखणेपणा, हा समज आधी सोडायला हवा. नेटवर्कच्या केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. एका जोडीतला संदेश दुसरीत मिसळू नये, हे काम तो पीळ करतो. टोकाशी तो १३ मिलिमीटरहून जास्त उलगडला, केबल हिसके देऊन ओढली किंवा प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळली, तर केबल जोडलेली दिसते, पण वेग पडतो. विजेच्या वायरींना खेटून नेल्यानेही अडथळा येतो. नेटवर्कच्या स्विचपासून संगणकापर्यंतची मर्यादा १०० मीटर, त्यातला पक्का भाग ९०. म्हणून मोठ्या इमारतीत जागोजागी स्विच ठेवायच्या रॅकची खोली नकाशातच दाखवावी लागते. तिथून प्रत्येक जोडणी स्वतंत्र न्यावी, ट्रेमधून न्यावी आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा. तो नसेल तर रुग्णालयातला एक बंद संगणक सुरू करताना चालू असलेली दुसरी जोडणी उपटली जाते.

आता वाय-फाय आहे, केबल कशाला, असा आक्षेप येतो. पण छतावरचे प्रत्येक वाय-फाय यंत्र शेवटी केबललाच जोडलेले असते आणि बहुधा वीजही त्याच केबलमधून घेते. इथेच स्वस्त माल घातक ठरतो: तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा वीज वाहताना जास्त तापतात. खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण छोट्या संस्थेचे अंदाजपत्रक तुटपुंजे असते आणि निविदा सर्वांत कमी दराला जाते. मात्र स्विच आणि संगणक काही वर्षांत बदलतात; भिंतीतली केबल त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. तिथे वाचवलेला पैसा पुढे छत उघडण्यात, बिघाड शोधण्यात आणि खोळंबलेल्या रांगांत जातो. जुन्या इमारतीत भिंत फोडता येत नाही, हेही खरे. तिथे भिंतीवरून बंद पट्टीतून केबल नेता येते. क्रमांक आणि नोंद यांना तर भिंत फोडावी लागतच नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये माहिती-संचार जोडण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. उणीव आहे ती काम ताब्यात घेताना तपासण्याची. म्हणून सार्वजनिक इमारतीच्या प्रत्येक निविदेत तीन अटी असाव्यात: प्रत्यक्ष कामाचा नकाशा, दोन्ही टोकांचे क्रमांक आणि यंत्राने घेतलेल्या चाचणीचा प्रत्येक जोडणीचा अहवाल. हे तिन्ही हाती आल्याशिवाय अंतिम बिलावर सही होऊ नये.