वाडा थंड का राहतो, आणि तो पाडणे महाग का पडते

१/
पुण्याच्या पेठांतील एखाद्या वाड्यासमोर उभे राहिलो की आपण इतिहासप्रेमी पहिला प्रश्न विचारतो : हा वाडा कोणाचा? या धाग्यात दुसरा प्रश्न घेऊ : हा वाडा उन्हाळ्यात थंड कसा राहत असे? त्याच्या उत्तरातून एक मत मांडायचे आहे. जुना वाडा नीट दुरुस्त करून वापरात ठेवणे हे इंधन आणि वीज वाचवण्याचे काम आहे, आणि वाडा पाडण्यापूर्वी या बचतीचा हिशेब झालाच पाहिजे.

२/
प्रथम रचना. घडीव दगडांचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, मध्ये चौक, भोवती ओसऱ्या, आत माजघर. पुण्याचा उन्हाळा कोरडा. दुपार तापते, रात्र मात्र बरीच निवते. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते. ती आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत दुपार सरलेली असते, आणि रात्रीच्या गारव्यात भिंत पुन्हा निवते.

३/
चौकाचे कामही असेच. रात्री उघड्या आकाशाखाली फरशी थंड होते. गार हवा जड असल्याने चौकात साचते आणि ओसऱ्यांतून खोल्यांत शिरते. दिवसा भोवतालचे मजलेच चौकावर सावली धरतात. पाण्याचीही सोय तशीच : नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांचे पाणी भुयारी नळांतून, निव्वळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत येई.

४/
हे ज्ञान स्थानिक होते, हे ध्यानात घ्यावे. दमट कोकणात रात्रही फारशी निवत नाही; तिथे जाड भिंतींचा हा डाव पुरेसा चालत नाही. म्हणून तेथील घराने उतरते कौलारू छप्पर, खोल पडवी आणि वारा खेळेल अशी मांडणी पत्करली. ‘पारंपरिक म्हणजे थंड’ असे सरसकट सूत्र नाही. हवामान, हाताशी असलेली सामग्री आणि कारागिरांचा अनुभव यांतून प्रत्येक प्रदेशाने आपापले उत्तर शोधले.

५/
‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. माजघरे थंड होती, तशीच अंधारीही होती. चुलीच्या धुरात स्त्रियांचे आयुष्य जाई. वाड्यांनी जंगलांतील साग भरपूर खाल्ला. आगीचे भय कायम होते : १८२८ मध्ये शनिवारवाड्याचा अंतर्भाग जळाला, १८७९ मध्ये विश्रामबागवाड्याचा काही भाग. वाड्याचे गुण सांगताना दोष झाकले, तर तो इतिहास राहत नाही, स्तोत्र होते.

६/
आता चुन्याकडे वळू. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना विरवायचा, घाणीत वाळूसह मळायचा. कामाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळ, ताग असे पदार्थ पडत. भाजताना चुनखडीतून कर्बवायू बाहेर पडतो. पण भिंतीवर घट्ट होताना चुना हवेतून त्याच वायूचा मोठा भाग परत घेतो. शिवाय चुन्याच्या भिंतीतून बाष्प ये-जा करू शकते. ओल आत शिरली तरी बाहेर पडायला वाट असते.

७/
सिमेंटची गोष्ट निराळी. भारतात त्याचे यशस्वी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. चुन्याला सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता पुरते. सिमेंटला सुमारे १४५० अंश लागतात. आज जगातील कर्बवायू उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचे आहे. सिमेंट नकोच, असे म्हणणे नाही. धरणे आणि पूल त्यावाचून कसे उभे राहतील? पण उभी भिंत पाडून तिच्या जागी सिमेंट ओतताना या आकड्याची आठवण ठेवावी.

८/
मग वाडे का ढासळले? एक कारण १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडेकरूला त्याने आधार दिला, पण भाडी गोठली आणि मालकाला डागडुजी परवडेना. दुसरे, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर : मातीच्या भिंती पाण्याखाली विरघळल्या, नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे बसली. तिसरे, जमिनीचा चढता भाव. पडका वाडा मालकाला उभ्या वाड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटू लागला.

९/
चौथे कारण कमी बोलले जाते : चुकीची दुरुस्ती. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की जमिनीतून वर येणारी ओल आत अडकते. क्षार साचतात, वीट भुसभुशीत होते, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. काही वर्षांनी तोच वाडा ‘धोकादायक’ ठरतो. दोष जुन्या भिंतीच्या माथी मारला जातो. तिचा श्वास कोणी कोंडला, हे विचारले जात नाही.

१०/
आपल्याकडे नियम आले. २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, घरांसाठी २०१८ ची ‘इको निवास संहिता’. पण दोन्हींचा भर नव्या इमारतीत पुढे किती वीज लागेल यावर. पाडलेल्या भिंतीत जी ऊर्जा आधीच खर्ची पडली होती, तिचे काय? मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. ती वास्तूचे ऐतिहासिक आणि कलात्मक मोल पाहते. एका कायद्याला इतिहास दिसत नाही, दुसऱ्याला ऊर्जा. वाडा या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो.

११/
‘हे सारे ठीक, पण तिथे राहायचे कोणी?’ हा आक्षेप खरा आहे. जिने अरुंद, शौचालये अपुरी, वाटण्यांचे तंटे जुने. प्रत्येक वाडा वाचणार नाही, वाचूही नये. पण विश्रामबागवाडा पाहा : दुसऱ्या बाजीरावाचा निवास, १८२१ पासून संस्कृत पाठशाळा, पुढे महाविद्यालय, नंतर नगरपालिकेची कचेरी. काम बदलले, भिंती राहिल्या. नव्या वायरिंगला, स्वच्छतागृहांना, पोटमाळ्याखालच्या उष्णतारोधक थराला जुना वाडा आडकाठी करत नाही.

१२/
म्हणून मागणी तीन गोष्टींची. पाडण्याच्या परवानगीपूर्वी दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांच्या ऊर्जेची तुलना व्हावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी घडावेत, त्यांना कामही मिळावे. आणि दुरुस्तीचा भार एकट्या मालकावर किंवा भाडेकरूवर न टाकता शहराने त्यात वाटा उचलावा. गारव्याचा आणि इतिहासाचा लाभ शहरालाही होतोच.

१३/
आपणही एक करू शकतो. पुढच्या वेळी वाड्याचे छायाचित्र टाकताना वंशावळीसोबत भिंतीची जाडी, चौकाची दिशा, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, हेही नोंदवा. वाडा पडल्यावर त्याची वंशावळ कागदपत्रांत सापडेल. भिंतीची जाडी सापडणार नाही.