बर्फ बघायला गेले, यात चळवळीचं काय बिघडलं?



गेल्या फेब्रुवारीत मी उत्तराखंडात केदारकंठाला जाऊन आले. वरचा एक फोटो स्टेटसला ठेवला. गुडघाभर बर्फ, मागे निळंशार आभाळ, अंगात भाड्याचं लाल जॅकेट. तासाभरात तो फोटो आमच्या तालुक्याच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर पोचला आणि खाली एका ज्येष्ठ दादांचा मेसेज आला : ‘वस्तीत नळाला पाणी नाही आणि आमच्या ताई बर्फात खेळतायत. चालू द्या.’ त्यावर चार अंगठे, दोन हसरे चेहरे.

दादांना मी मानते. मोर्चात पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस आहे. म्हणून ग्रुपवर भांडले नाही. पण हा मेसेज एकट्या दादांचा नाही. आपल्यातला कुणी गोव्याला गेला, नाटकाला गेला, कॅमेरा घेतला, की हाच सूर निघतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं बोलू, कारण मनात तेच असतं. रेल्वे, देहरादूनहून सांकरीपर्यंतची गाडी, ट्रेकची फी, बूट आणि जॅकेटचं भाडं धरून मला साधारण एकोणीस हजार लागले. संस्थेच्या मानधनातून दीड वर्ष बाजूला काढलेले. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत किती जातात ते मी इथे काढत नाही, दादा ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

आता मूळ मुद्दा. सुट्टी ही चैन आहे, ती आपली नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? या देशातल्या कामगाराला रविवार मिळाला तो १० जून १८९० ला, आणि तो मिळवला सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. गिरणीमालकांनी दया केली नव्हती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते त्याच काळात, आणि पगारी रजेचा कायदाही त्याच काळातला. म्हणजे आज पुण्यातला आयटीवाला शुक्रवारी रात्री सॅक पाठीला लावून निघतो तो ज्या सुट्टीवर, तिच्या पायात आपल्या माणसांचे कष्ट आहेत. सुट्टी मिळवायची आपण आणि डोंगर बघायचा त्यांनी, ही कुठली वाटणी?

बाबासाहेबांनी गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली होती, तो भाग पुन्हा वाचावा. माणूस आणि जनावर यांत फरक संस्कृतीचा, संस्कृतीला फुरसत लागते, आणि फुरसत यंत्राशिवाय बहुसंख्यांना मिळणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. फुरसतीला ते आळस म्हणत नाहीत. ज्याला पोटापलीकडचा एक तासही मिळत नाही त्याचं माणूसपण अडवलं जातं, असं ते सांगतात. चरख्याचं कौतुक करणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर. आपल्याच कार्यकर्त्यानं आपल्याच पोरीला ‘काम कर, फिरतेस काय’ म्हणावं, तेव्हा तो नकळत कुणाच्या बाजूला जाऊन बसतो?

आणि सहल ही आपल्या चळवळीला नवी नाही. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला बघायला गेले होते. निव्वळ बघायला. सहकाऱ्यांनाच हौस होती. किल्ल्याच्या दाराशी त्यांनी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून तिथल्या मुसलमान लोकांनी त्यांना घेरलं. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण पाण्याला कुठे हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत पहारेकरी देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे सगळं आहे. सात वर्षांपूर्वीच महाडचं तळं चाखलेला माणूस, आणि पर्यटक म्हणून गेल्यावर पुन्हा तळ्यापाशीच अडवला गेला. आपल्याला फिरणं कधी ‘निव्वळ फिरणं’ म्हणून मिळालेलंच नाही.

हे मला केदारकंठाच्या वाटेवर पुन्हा कळलं, आणि उशिरा कळलं.

हा ट्रेक हिवाळ्यात फार चालतो. शिखर साडेबारा हजार फुटांच्या आसपास, डिसेंबरपासून बर्फ, आणि नवख्यालाही झेपेल असा चढ. देहरादूनहून सकाळी गाडी निघते. मसुरी, नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत संध्याकाळी सांकरी. आमच्या गाडीत अकराजण होते, बहुतेक पुण्या-मुंबईचे. पहिल्या दोन तासांत आडनावांची चौकशी झाली. ‘मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न किती गोड आवाजात विचारता येतो, हे आपल्याला सांगायला नको. मी आडनाव सांगितलं. पुढे कुणी वाईट वागलं नाही, हेही खरंच सांगते. फक्त रात्री तंबूत आरक्षणावर बोलणं निघालं तेव्हा माझ्याकडे बघून एकजण म्हणाली, ‘तुमच्यासारख्यांबद्दल नाही हं बोलत.’ बाहेर पारा शून्याच्या खाली होता. झोपेच्या पिशवीत पाय गरम होईनात आणि मला मात्र घाम फुटला होता.

शिखराच्या दिवशी रात्री दोनला उठवतात. टॉर्चच्या उजेडात, बुटाला साखळ्यांसारखे काटे बांधून, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत चढायचं. सूर्य उगवला तेव्हा आम्ही शेवटच्या उभ्या चढाला होतो. मला शब्द सापडत नाहीत, शोधतही नाही. एवढंच की माझ्या आईनं हे बघायला हवं होतं असं वाटलं. आईच्या आयुष्यात रविवार आलाच नाही. लोखंड्यांचा रविवार गिरणीत आला, चुलीपाशी आला नाही. वर सगळ्यांनी देवांचे जयजयकार केले. माझ्या ओठांवर ‘जय भीम’ आलं होतं आणि मी ते गिळलं. का गिळलं, हे मी अजून स्वतःला विचारतेय. दादांनी खरं तर त्याबद्दल मला बोलायला हवं होतं.

परत आल्यावर एका रात्री सहज वाचत बसले होते. जानेवारी २०२३ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सालरा गावात एक २२ वर्षांचा दलित तरुण देवळात गेला. त्याला तिथेच बांधून रात्रभर जळत्या लाकडांनी मारल्याची तक्रार झाली, पाच जणांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. सालरा कुठे आहे? मोरी भागात. ज्या मोरीत आमची गाडी थांबली, जिथे मी चहा प्यायले, मॅगी खाल्ली. त्याच रस्त्यावरच्या नैनबाग भागात एप्रिल २०१९ मध्ये एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याचं प्रकरण आहे, काही दिवसांनी तो देहरादूनच्या रुग्णालयात वारला. मी समाजशास्त्रात एमए केलंय. जातीवर शोधनिबंध लिहिलाय. आणि मी त्या रस्त्यावरून खिडकीतून देवदार बघत गेले.

ट्रेकच्या जाहिरातीत हे नसणारच. तिथे ‘साधीभोळी पहाडी माणसं’ असतात. आमच्या वाटाड्याला मी विचारलं होतं की खालच्या अंगाला ती वेगळी घरं कुणाची. ‘यहाँ सब मिलजुलकर रहते हैं मॅडम’ म्हणून त्यानं बूट आवळायला सांगितलं. एका मुक्कामात गावाचं समाजशास्त्र होत नाही, म्हणून त्या घरांबद्दल मी काही दावा करत नाही. पण आमचं सामान कुणी वाहिलं ते मी पाहिलं. आमच्या बुटांना काटे होते. स्वयंपाकाची भांडी आणि गॅसची टाकी पाठीवर घेतलेल्या पोराच्या पायात रबरी गमबूट, बिनकाट्यांचे. तो आमच्या आधी वर पोचून चहा तयार ठेवायचा. शेवटच्या दिवशी टिप गोळा झाली तेव्हा तोच एकजण जो आरक्षणावर सर्वांत जास्त बोलला होता, म्हणाला, ‘यांना सवय असते.’ सवय! हा शब्द आपल्या आजोबांनीही ऐकलाय.

हिमाचलात मलाणा गाव आहे, कुल्लूकडे. बाहेरच्या माणसानं तिथलं देऊळ, काही भिंती शिवायच्या नाहीत, शिवल्या तर दंड, तसे फलक लावलेले असतात. शहरी ट्रेकर त्या फलकापाशी हसत फोटो काढतात आणि ‘किती वेगळी संस्कृती’ म्हणून टाकतात. एका दुपारपुरती अस्पृश्यता ही त्यांना गंमत वाटते, कारण संध्याकाळी ती बसमध्ये बसून संपते.

मग यावरून जाऊच नये असं ठरवायचं? माझं उत्तर उलटं आहे. आपण नसल्यामुळेच हा डोंगर एका वर्गाच्या डोळ्यांनी बघितला जातो. आणि आपली पोरं तिथे कमी पडतात म्हणावं, तर २५ मे २०१४ ला तेव्हाच्या आंध्र प्रदेशच्या समाजकल्याण निवासी शाळांची दोन मुलं एव्हरेस्टवर उभी होती. आदिवासी शेतमजुरांची पोर मालावत पूर्णा, वय १३ वर्षं ११ महिने, आणि खम्ममचा दलित मुलगा आनंद कुमार. भोंगीरच्या खडकावर सुरुवात, मग दार्जिलिंग, मग लडाखचा हिवाळा. त्यामागे त्या शाळांचे तेव्हाचे सचिव आर. एस. प्रवीण कुमार होते. २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थीही एव्हरेस्टला पोचले. पण सत्कार झाले की विषय संपतो. आपल्या वसतिगृहातल्या किती पोरींनी साधं कळसुबाई पाहिलंय? विक्रम करायला पाठवणं वेगळं आणि उगीच, मजेत, शनिवार-रविवार फिरता येणं वेगळं. मला दुसरं हवंय.

दादांना एक गोष्ट मात्र कबूल. आपला हिवाळा मोकळा नसतो. ६ डिसेंबर चैत्यभूमी, २५ डिसेंबर मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारी भीमा कोरेगाव, ३ ला सावित्रीमाई, १४ ला नामविस्तार दिन. नेमका बर्फाचा सगळा मोसम यातच जातो. त्यातला एकही दिवस मी चुकवणार नाही, ट्रेक कंपन्यांचं कॅलेंडर आपल्याला विचारून छापलेलं नसतं. म्हणून फेब्रुवारी.

येत्या फेब्रुवारीचं ठरवतेय. वस्तीतल्या सहा मुली आणि मी. त्याआधी ऑक्टोबरात बारीतून कळसुबाई, १,६४६ मीटर, कुणाला किती दम आहे ते कळेल. कंपनीमार्फत जायचं की थेट गावातल्या माणसांकडून सोय करायची हे बघतेय. थेट केली तर सामान वाहणाऱ्याला काय द्यायचं, किती किलो द्यायचं आणि त्याच्या बुटाचं भाडं कुणी भरायचं हे आपणच निघण्याआधी ठरवू. जाताना मोरीत थांबायचं आहे, त्या भागात काम करणाऱ्या आपल्या विचारांच्या कुणा साथीचा पत्ता असेल तर कृपया कळवा. माझ्याकडे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून बांधायच्या दोन जोड्या पट्ट्या आहेत, एक चांगली सॅक आहे. आणखी पाच सॅक लागतील. दादा, तुमच्या मुलीनं नाव दिलंय, तिनं घरी सांगितलं असेलच.