वन्समोअरचा जुलूम

मुंबईच्या 'रॉक मशीन' या वाद्यवृंदाची स्थापना 1984 सालीं झाली. 1993 सालीं त्यानें 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें, 1997 सालीं तो विखुरला आणि 2010 सालीं त्यांतील कांहीं मंडळी पुन्हां एकत्र आली. अशा पुनर्मीलनाची वार्ता कानीं पडतांच आमच्या सुशिक्षित रसिकाचे डोळे पाणावतात, आणि तिकीट काढून आंत शिरतांच तो ओरडूं लागतो, जुनें होऊं द्या! ही मागणी प्रेमाची समजली जाते. मला तो शुद्ध जुलूम वाटतो.

या वृंदाचा इतिहासच पाहा. आरंभीं हे तरुण पाश्चात्य वृंदांचीं गाणीं वाजवीत. त्या काळीं श्रोत्यांस तेवढेंच हवें होतें. नक्कल जितकी हुबेहूब तितकी टाळी मोठी. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांचे सोबती यांनीं स्वतःचीं गाणीं रचून तीं याच श्रोत्यांपुढें गाण्याचा हट्ट धरला. 1988 सालीं 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा त्यांचा पहिला गीतसंग्रह निघाला, 1990 सालीं दुसरा, 1995 सालीं नव्या नांवाचा तिसरा. त्या दशकांत हिंदी पॉपची चलती झाली आणि इंग्रजींत गाणाऱ्यांची वाट अरुंद होत गेली. म्हणजे तरुणपणीं त्यांना बजावण्यांत आलें, दुसऱ्यांचें गा. आणि प्रौढपणीं बजावण्यांत येतें, तुमचेंच गा, पण तेंच तें! दोन्ही वेळां नव्या गाण्याला दार बंद.

'वन्समोअर' हा शब्द तेवढा इंग्रजी, खोड मात्र अस्सल मराठी. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळीं या माऱ्यानें प्रयोग पहांटेपर्यंत लांबत. नायिका तेंच पद पुन्हां पुन्हां आळवी आणि नाटककाराचें कथानक विंगेंत तिष्ठत बसे. त्या रात्रींचें कौतुक आपण अजून सांगतों. नाटकाचें काय झालें, हें कोणी पुसत नाहीं.

यावर कोणी खारदांड्याच्या कोळीवाड्याचा दाखला देईल. हळदीला जुनीं कोळीगीतें वाजलीं नाहींत तर हळद फिकी वाटेल. अगदीं मान्य! परंतु त्या गाण्यांवर साऱ्या वस्तीची मालकी. नाचणारी कोळीण स्वतःच तीं पुढें चालविते. खुर्चींत बसून पैसे मोजणाऱ्यानें तिचा हक्क सांगूं नये.

बेनेगल, तिनईकर आणि झुबीन बालापोरिया यांना जुन्या पुंजीवर सुखानें दिवस काढतां आले असते. त्यांनीं बास आणि ड्रम्स नव्या तरुणांच्या हातीं दिले व 2012 सालीं, म्हणजे मागील संग्रहानंतर 17 वर्षांनीं, 'इव्हॉल्व्ह' हा नवा संग्रह काढला. एकत्र येण्याचें सार्थक झालें तें येथें. त्यांतील 8 गाणीं चांगलीं कीं वाईट, यावर खुशाल वाद व्हावा. त्यांचें इंग्रजी कोणास खुपत असेल तर तेंही बोलावें. पण वादापूर्वीं तीं ऐकावीं लागतात, आणि जुन्यासाठीं घसा फोडणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तीं ऐकलीं आहेत?