ठपका एकट्या सुनेवरच का?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की वस्तीत बोटे सुनेकडे वळतात. तपासण्या तिच्याच होतात. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतूनही गुपचूप गंडेदोरे बांधले जातात. शेवटी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगा मात्र धडधाकट, कमावता. त्याच्यात काय उणे असणार?

बंधू-भगिनींनो, मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडीलही कारण असते आणि त्यातले काही जन्मजात असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. पुरुषात त्यांपैकी एक 'एक्स' आणि एक 'वाय'. साधारण ६०० ते ७०० मुलग्यांमागे एक जण जादा 'एक्स' घेऊन जन्मतो. डॉ. क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली या विकाराचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ साली लागला. असा पुरुष कष्ट करतो, संसार करतो. पण त्याच्या वृषणात शुक्रजंतू तयार होत नाहीत किंवा फारच थोडे होतात. आणखी काहींच्या 'वाय' गुणसूत्राचा शुक्रजंतू घडविणारा तुकडाच गळालेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी दुसरी सून आणली तरी पाळणा रिकामाच राहणार. नासणार ते दोघींचे आयुष्य.

यात कोणाचे पाप नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त खोडताना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आनुवंशिकतेच्या विज्ञानाचाच आधार घेतला आहे.

म्हणून वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी, स्वस्त आणि विनात्रासाची असते. शुक्रजंतू नसले किंवा फारच कमी असले, तर रक्तातून गुणसूत्रांची तपासणी होते. काहींच्या वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्रजंतू मिळतात आणि टेस्ट ट्यूबच्या उपचाराने मूल होऊ शकते. मात्र 'वाय'मधील उणीव मुलग्याकडे जाते, हे आधी समजून घ्यावे. हे उपचार महागडे आहेत. अहवाल हाती येण्यापूर्वी कर्ज काढू नये, दागिने मोडू नयेत. दत्तकाचा मार्गही आहे. १९५६ चा दत्तक कायदा बौद्धांनाही लागू आहे.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग कारण दोघांतही शोधा. सासूबाई, पहिली चिठ्ठी मुलाच्या नावाची काढा!

जयभीम.