हिब्रू लिपी, फारसी बोल

पश्चिम चीनच्या वाळवंटात दंदान उइलिक नावाचं उजाड ठिकाण आहे. तिथे १९०१ साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांच्या मोहिमेत एका व्यापाऱ्याच्या पत्राचा फाटका कागद सापडला. मजकूर मेंढ्यांच्या व्यवहाराचा, काळ आठव्या शतकाचा, भाषा फारसी आणि अक्षरं हिब्रू. आजच्या फारसीचे जे सर्वांत जुने लेखी नमुने हाती आहेत, त्यांत हा हिशेबी कागद मोडतो. साहित्याची सुरुवात अशी बाजारातून व्हावी, हे मला तरी आवडतं!

पुढे चौदाव्या शतकात शिराझचा यहुदी कवी शाहीन आला; तोही फारसी हिब्रू अक्षरांतच लिही. १३२७ मध्ये त्याने 'मूसानामा' रचला. कथा तौरातची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, पण घडण फिरदौसी-निजामी या फारसी कवींच्या मसनवीची, म्हणजे दीर्घ कथाकाव्याची. त्याचा मूसा इराणी वीरासारखा सिंहाशी आणि अजगराशी झुंजतो. त्याच्याच 'बेरेशितनामा'त युसूफ-झुलेखा येतात, तेव्हा कुराणातली आणि मुस्लिम कथाकारांनी फुलवलेली वळणंही सहज येतात. याला उसनवारी म्हणणं मला पटत नाही. शाहीनच्या घरची भाषाच फारसी होती. हाफिज, निजामी यांच्या कविताही इराणचे यहुदी हिब्रू अक्षरांत उतरवून घेत. अनोळखी लिपीमुळे शाहीन मात्र इतर फारसी वाचकांपासून शतकानुशतकं दूर राहिला.

वाचकहो, शाहीन कुठे ऐकायला मिळाला तर डोळे मिटून ऐका. कानाला लिपी दिसत नाही.