लवचीक सांध्यांना हवं बळ

पालकहो, तुमच्या मुलाचा अंगठा वळवला की थेट हाताला टेकतो, उभं राहिल्यावर गुडघे मागे झुकतात, आणि पाहुणे आले की आपण कौतुकानं म्हणतो, "दाखव बरं काकांना!" आधी ते थांबवा.

सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध जन्मतःच सैल असलेली मुलं पुष्कळ असतात. बहुतेकांना काही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यावर मात्र घरात विश्वास बसत नाही. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून रडलेलं मूल सकाळी उड्या मारताना दिसलं की 'नाटकं करतो' हा शेरा ठरलेला. ते दुखणं खरं असतं. सैल सांधा जागेवर धरायला स्नायूंना दिवसभर जास्त राबावं लागतं, आणि दमलेले स्नायू ठणकतात.

लिहिताना त्याचा हात जवळून बघा. पेन्सिलीवरच्या बोटाचं शेवटचं पेर आत वाकतं, मूल आणखी दाबून धरतं, अर्ध्या पानातच हात झटकू लागतं. अक्षरावरून रागावू नका. जाड पेन्सिल द्या, मध्ये थांबू द्या.

अस्थिबंध घट्ट करणारं औषध नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी किंवा मालिशनंही ते होत नाही. स्नायू बळकट करणं आणि तोल सुधारणं, हाच उपाय. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, दात घासताना गुडघा मागे न ढकलता एका पायावर उभं राहणं, असे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्ट मुलाला बघून ठरवून देतात. ते रोज, थोडे थोडे करायचे. गुण यायला महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. अंग छान वळतं म्हणून अशा मुलांना योगासनांत आणखी ताणायला लावतात, ते मला अजिबात पटत नाही. खेळही बंद करू नका. पोहणं, सायकल उत्तम. नुसत्या आरामानं स्नायू आणखी दुबळे होतात.

बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. बायटन नावाच्या 9 गुणांच्या तपासणीनं सैलपणाचा अंदाज काही मिनिटांत येतो. सांध्याला सूज, सकाळचा ताठरपणा, ताप, लंगडणं, सांधा वारंवार निखळणं किंवा कातडी फार ताणली जाणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र घरी व्यायाम करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि वर्गशिक्षकांनाही भेटून हे सांगा. दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला शाळेत तरी कुणी आळशी म्हणू नये.