शब्दांची मुदतठेव

आमचे चिरंजीव सध्या रोज सकाळी दात घासण्याच्या आधी एक इंग्रजी शब्द शिकतात. मोबाईलवर कसलंसं ॲप आहे. ते त्यांना सात वाजता उठवतं आणि शब्द देतं. (उठवायचं काम पूर्वी माझ्याकडे होतं आणि शब्द मीही पुष्कळ देत असे. पण ते मराठी असल्यामुळे त्यांची कुठं नोंद झाली नाही.) गेल्या मंगळवारी शब्द आला 'लुगुब्रियस'.

"म्हणजे काय रे?" सौ.नं पोळी लाटता लाटता विचारलं.

"दुःखी. पण जरा जास्तच दुःखी. चेहरा पाडून बसलेला."

सौ.नं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि "असं होय!" म्हणून पुन्हा लाटायला घेतलं. घरात एवढी जिवंत आकृती दिल्यावर शब्द जन्मभर विसरू नये. पण बुधवारी संध्याकाळी मी विचारलं तेव्हा चिरंजिवांना एवढंच आठवत होतं, की तो 'ल'वरून होता.

मी रागावलो नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही अप्पा बळवंत चौकात घासाघीस करून नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' विकत घेतलं होतं. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे तुळशीवृंदावनासारखं घरोघर असतं, आणि त्याच्याकडे लक्षही साधारण तेवढंच जातं. माझी प्रत जुनी होती. आधीच्या मालकानं इगोइस्ट, इंट्रोव्हर्ट, मिसॅन्थ्रोप अशा शब्दांखाली पेन्सिलीनं ठळक रेघा ओढल्या होत्या. पुढं डॉक्टरांचे प्रकार सांगणारं प्रकरण येतं. तिथं डर्मॅटॉलॉजिस्टपाशी त्याची पेन्सिल मोडली असावी. मी ऑर्थोपेडिस्टपर्यंत पोचलो. त्यानंतर मी या पुस्तकाच्या निदान सात-आठ प्रती पाहिल्या असतील. सगळ्यांची सुरुवातीची पानं मळकी आणि पुढची कोरी करकरीत. माणसांचे स्वभाव आणि डॉक्टरांच्या पाट्या, इथंच आपल्या पिढीचं इंग्रजी अडलं आहे.

तर वाचकहो, माझी तक्रार त्या पुस्तकाबद्दल नाही. पुस्तक चांगलं आहे, लेखक जीव तोडून शिकवतो. माझी तक्रार आहे ती अवघड शब्द पाठ केले की इंग्रजी येतं या समजुतीबद्दल. इंग्रजी त्यानं येत नाही. इंग्रजीचा धाक तेवढा वाढतो. आणि मग आपण तो दुसऱ्याला घालायला लागतो.

माझंच पाहा. नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे मिसॅन्थ्रोप होता, मिसॉजिनिस्ट होता. शाखेत साहेब होते दक्षिणेकडचे. माझ्या टेबलावरचा पंखा बंद पडला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर ते हसून म्हणाले, "पुट अप विथ इट फॉर अ वीक." आता 'पुट अप' हा शब्द मला न येऊन कसं चालेल? फाईल साहेबांकडे पुट अप करणं हाच तर आमचा धंदा. मी लगेच पंख्याविषयी सविस्तर टिपणी तयार केली, खालच्या बाजूला सही केली आणि पुट अप केली. 'फॉर अ वीक' म्हणाले होते, म्हणून आठवडाभर रोज एक केली. सातव्या दिवशी साहेबांनी मला बोलावून, माझ्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. आठवडाभर कळ काढ, एवढंच त्या बापड्याचं म्हणणं होतं.

पुट, गेट, टेक. इंग्रजीत माणसं फसतात ती या बुटक्या शब्दांपाशी. त्यांना मात्र कुठलंही ॲप सकाळी सात वाजता उठवायला येत नाही. इंग्रजांना स्वतःला हे ठाऊक होतं. सी. के. ऑग्डेन नावाच्या गृहस्थांनी १९३० साली अवघ्या ८५० शब्दांत कामापुरतं इंग्रजी बसवून दाखवलं. त्यांच्या योजनेचं पुढं फारसं काही झालं नाही, ते सोडा. पण बंगालात ढाक्याला शिक्षक म्हणून राहिलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली, आणि साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशीएक शब्द त्या यादीतलेच निघतात. लुगुब्रियस उरलेल्या विसातही क्वचितच सापडेल.

यावर कोणी म्हणेल, परीक्षेला विचारतात त्याचं काय? विचारतात. मीही समानार्थी-विरुद्धार्थी घोकूनच या खुर्चीवर आलो. पण गेल्या वीस वर्षांत काउंटरवर एकाही ग्राहकानं मला विरुद्धार्थी शब्द विचारलेला नाही. २०१७ साली शशी थरूर यांनी 'फॅरागो' शब्द वापरला आणि देशभर लोक डिक्शनऱ्या उघडून बसले. थरूरांनी खुशाल वापरावा. ज्याच्या घरी दोन वेळची भाजीभाकरी पक्की आहे त्यानं बासुंदी खावी. आमचं म्हणजे भाकरीचा पत्ता नाही आणि ताटात नुसतं केशर.

आमच्या बँकेचं इंग्रजी तर सगळं केशरच. हायपोथिकेशन घ्या. तोंडात मावत नाही. यालाच आपल्याकडे 'नजरगहाण' म्हणतात. माल तुमच्यापाशीच राहणार, बँकेची त्यावर फक्त नजर. शब्द ऐकला की व्यवहार समजला. एन्कम्ब्रन्स म्हटलं की शेतकरी टोपी काढून हातात घेतो. 'सातबारावर बोजा आहे' म्हटलं की तोच माणूस तुमच्याशी भांडायला उभा राहतो. मला भांडणारा ग्राहक आवडतो असं नाही, पण टोपी काढलेला बघवत नाही.

मागच्या वर्षी एक आजी आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. हातात आमचंच पत्र, चार घड्या घातलेलं. डोळे सुजलेले. पत्राचा मसुदा माझा होता. आपलं खातं 'इनऑपरेटिव्ह' वर्गात गेल्याचं मी फर्ड्या इंग्रजीत कळवलं होतं. नियमाप्रमाणे मराठी मजकूरही धाडायला हवा होता, तो 'मागाहून' होता. आजींनी पत्र शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून वाचून घेतलं. पोरगा हुशार. शब्द फोडून अर्थ लावायचं शिकलेला. ऑपरेटिव्ह म्हणजे ऑपरेशनचं आणि 'इन' म्हणजे नाही. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि त्याचे पैसे याच खात्यात होते. बँक ऑपरेशनला नाही म्हणते, असं समजून म्हातारी रात्रभर जागी होती.

"कुणी सांगितलं रे तुम्हाला माझ्या डोळ्याचं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हणालो, "आजी, दोन वर्षं तुम्ही खातं वापरलं नाही, म्हणून ते थांबवून ठेवलंय. पैसे आहेत तसेच आहेत. आधार कार्ड आणि एक फोटो आणा, लगेच चालू करून देतो."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढंच?"

"एवढंच."

"मग हेच लिहायचं की रे मेल्या!"

त्या गेल्यावर मी नवा मसुदा केला. आजींना बोललो तीच वाक्यं, आधी मराठीत आणि खाली साध्या इंग्रजीत. एकही शब्द सहा अक्षरांच्या वर जाऊ दिला नाही, आणि साहेबांकडे पुट अप केला. हे साहेब नवे. दुसऱ्या दिवशी मसुदा परत आला. 'थांबवून ठेवलंय'भोवती लाल गोल होता आणि समासात शेरा होता, 'व्होकॅब्युलरी सुधारा.'